गुडघा म्हणालो होतो

तिसऱ्या गेटमागच्या कोर्टावर
पहाटे साडेपाचला धुकं इतकं असतं
की नेटपलीकडचा माणूस
आधी खोकल्यावरून ओळखायचा.
लाल माती रात्रभर दव पिऊन बसलेली.
बसलिंगप्पा तिच्यावरून रूळ ओढतो.
मी पोरींना बाकाजवळ बोलावतो:
रॅकेट नंतर.

पाठीवर झोपा. गुडघे मोडून उभे.
दोन गुडघ्यांच्या मध्ये
एक टक्कल पडलेला चेंडू.
दाबा.
शाल्मली मराठीत मोजते, भुवना कानडीत;
पाच आणि ऐदु एकाच दमात पोचतात.
"सर, ह्यानं काय होतंय ओ?"
शाल्मली रोज विचारते.
काही होत नाही, मी म्हणतो,
काही होऊ नये म्हणूनच.

मी सतराचा होतो. धारवाड, उपांत्य फेरी.
चेंडू डाव्या रेषेवर पडला,
मी त्याच्यामागं घसरलो,
उजवा पाय मात्र तिथंच राहतो म्हणाला.
आत, मांडी जिथं संपते
आणि नाव घ्यायची सोयही जिथं संपते,
तिथं जुनं फडकं फाटल्यासारखं
काहीतरी टरकलं.
कुठं लागलं? कोचनी विचारलं.
बघायला आत्या आलेली,
आत्याच्या शेजारणी आलेल्या.
गुडघा, म्हणालो.

पंधरा दिवस आईनं गुडघ्याला
लसूण घालून कढवलेलं तेल चोळलं.
बिचारा गुडघा,
एवढे लाड त्याचे कधी झाले नव्हते.
मी जिना चढायचो एकेक पायरी, खुरडत,
कुणी विचारलं की पुन्हा गुडघ्यावर हात.
शब्दच नव्हता असंही नाही.
जांघ. केवढासा शब्द.
मराठीत होता, कानडीत होता,
डॉक्टरांच्या इंग्रजीतही असणारच.
तीन भाषांच्या गावात
मी एकाही भाषेत बोललो नाही.
पुढच्या मोसमात तीच जागा पुन्हा गेली.
त्याच्या पुढच्या मोसमात
मी पतसंस्थेत लागलो.

म्हणून आता पहिल्या दिवशी आधी शब्द.
जांघ. म्हणा मोठ्यानं.
पोरी हसतात, मग बसलिंगप्पा हसतो,
मग हसू संपतं आणि शब्द उरतो,
कोपर, घोटा, मनगट यांच्या रांगेत
निमूट उभा.

मग एका कुशीवर.
वरचा पाय बाकावर, खालचा हवेत,
कंबर उचलून धरायची. आठ. नऊ.
भुवनाच्या ओठावर घाम, शिव्या पोटात.
ताण बसू दे. टोचलं तर थांबायचं,
आणि कुठं टोचलं ते
खरं सांगायचं.

घरचा अभ्यास वेगळा:
शहाबादी फरशीवर मोजा घालून
एक पाय बाजूला सोडायचा, सावकाश,
आणि हात न टेकता परत आणायचा.
(शाल्मलीच्या आईला वाटलं,
मी पोरीला फरशी पुसायला लावतोय.)
लांब जातो गा पाय, कुणाचाही जातो.
परत आणायला शिकावं लागतं.

परवा हुबळीत शाल्मली
एका चेंडूमागं अशीच गेली, रेषेबाहेर,
पाय फाकले,
मातीवर चांगली दोन हात घसरण उमटली.
माझा हात माझ्या जांघेवर गेला,
बत्तीस वर्षांनी, चारचौघांत.
चेंडू जाळीत. गेम गेला.
थोड्या वेळानं मॅचही गेली.
ती मोजे झटकत चालत आली,
नुसती चालत,
पाण्याची बाटली कुठाय विचारत.
पेपरात एक ओळ आली:
मुचंडीकर पहिल्याच फेरीत पराभूत.
बाकीचं छापण्यासारखं
काही घडलंच नव्हतं.

परतीच्या बसमध्ये, कित्तूर मागं पडल्यावर,
तिनं विचारलं,
"सर, मघाशी पाय का धरून बसलासा?
गुडघा काय?"

"न्हवं गे," म्हणालो, "जांघ."

पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली.
बघू दे.